अठरा पाळणे आणि एक ऐरण

घरात मूल जन्मले की वार, तिथी आणि वेळ टिपून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर किंवा जमाखर्चाच्या वहीत कुणीतरी वडीलधारे ते लिहून ठेवते आणि पुढे पत्रिका करताना ते कामाला येते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात पाचशे वर्षांपूर्वी एक सोनार नेमके हेच करीत असे. प्रत्येक मुलाच्या जन्माचा दिवस, तास आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातांवर घेणाऱ्या धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव तो लिहून ठेवी. तो वारल्यानंतर बावीस वर्षांनी, १५२४ साली, त्याच्या मुलाने बापाच्या कागदांवरून कुटुंबाची एक छोटीशी हकिगत तयार केली. तिच्यातली मुलांची यादी १४६८ साली सुरू होते आणि १४९२ साली संपते. चोवीस वर्षांत अठरा मुले. हकिगत लिहिली गेली तेव्हा त्यांतले तिघे हयात होते.

लिहिणारा मुलगा म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूरर. युरोपातल्या थोर चित्रकारांत त्याची गणना होते आणि त्याच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण आज आपल्याला त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या घरात डोकवायचे आहे. मध्ययुगातल्या राजांचे, लढायांचे आणि धर्मगुरूंचे वृत्तान्त पुष्कळ मिळतात. हातावर पोट असलेल्या कारागिराच्या घरात काय चालले होते, हे सांगणारे कागद मात्र फार थोडे. मध्ययुग सरत आले असतानाच्या एका सोनाराच्या घराचे दार या हकिगतीने आपल्यासाठी किलकिले करून ठेवले आहे.

‘दार’ हा शब्द इथे आपोआप आला, पण तो चपखल आहे. या सोनाराचे नावही आल्ब्रेख्तच. घोटाळा नको म्हणून त्याला आपण थोरला आल्ब्रेख्त म्हणू. तो १४२७ साली हंगेरीत जन्मला. त्याचे घराणे तिथल्या आयतोश नावाच्या खेड्यातले, गुरे आणि घोडे पाळणारे. त्याच्या बापाने गाव सोडून जवळच्या शहरात सोनारकाम उचलले होते. हंगेरियन भाषेत ‘आयतो’ म्हणजे दार आणि जर्मनमध्ये दाराला ‘ट्यूर’ म्हणतात. गावच्या नावाचे भाषांतर होऊन आडनाव झाले ट्यूरर, आणि त्याचे पुढे ड्यूरर. घराण्याच्या ढालीवरही उघडे दार कोरलेले आहे.

बारा वर्षांची उमेदवारी

कारागिराने कसब शिकायचे ते फिरून, हा त्या काळचा शिरस्ता होता. थोरला आल्ब्रेख्तही जर्मनीत आणि नेदरलंड्समध्ये मोठमोठ्या कसबी लोकांच्या हाताखाली काम करून, २५ जून १४५५ रोजी न्यूरेंबर्गच्या वेशीत शिरला. तो दिवस सोनारांचा रक्षक मानल्या गेलेल्या संत एलिगिउसचा. त्याच दिवशी शहरातल्या पिर्कहाइमर या बड्या घराण्यात लग्न होते आणि किल्ल्यावरच्या मोठ्या झाडाखाली नाच चालला होता. अठ्ठावीस वर्षांचा परका कारागीर रित्या हाताने शहरात आला आणि समोर उत्सव दिसला, ही गोष्ट त्याने मुलांना नक्कीच पुन:पुन्हा सांगितली असणार. म्हणून तर ती हकिगतीत उतरली.

न्यूरेंबर्गमध्ये तेव्हा वीस हजारांच्या वर वस्ती होती. त्या काळच्या मानाने हे मोठेच शहर. मधून पेग्नित्स नदी, उत्तरेला खडकावर किल्ला, भोवती तटबंदी आणि तटाबाहेर सम्राटाचे विस्तीर्ण जंगल. त्या जंगलातून लाकूड, कोळसा आणि मध येई. शहर प्रसिद्ध होते धातुकामासाठी. तारा ओढणारे, चिलखते बनवणारे, पितळकाम करणारे, सुया आणि चाकू घडवणारे असे नाना तऱ्हेचे कारागीर गल्लोगल्ली होते. पण शहरावर राज्य चाले मूठभर व्यापारी घराण्यांचे. १३४८-४९ मध्ये कारागिरांनी बंड करून पाहिले होते. ते मोडल्यावर नगरसभेने कारागिरांच्या स्वतंत्र संघटनांवरच बंदी घातली. इतर शहरांत कारागिरांचे महासंघ असत, न्यूरेंबर्गमध्ये सगळे नियम नगरसभा ठरवी. कुणी किती शिकाऊ पोरे ठेवायची, माल कसा तपासायचा, वस्ताद कुणाला म्हणायचे, सगळ्यावर वरून नजर.

अशा शहरात बाहेरून आलेल्या माणसाला जम बसवायला वेळ लागणारच. थोरला आल्ब्रेख्त हिएरोनिमस होल्पर नावाच्या सोनाराकडे कामाला राहिला आणि बारा वर्षे राहिला. तयार कारागीर असूनही दुसऱ्याच्या छपराखाली झोपायचे, दुसऱ्याच्या ताटात जेवायचे आणि लग्नाचे नाव काढायचे नाही. स्वत:ची पेढी नाही तोवर संसार नाही, अशी ही रीत होती. अखेर १४६७ साली होल्परने आपली मुलगी बार्बरा त्याला दिली. तो चाळीस वर्षांचा होता, ती पंधरा. पुढच्याच वर्षी तो वस्ताद झाला आणि त्याच वर्षी यादीतले पहिले नाव लिहिले गेले. कसब, सासरा, बायको आणि धंद्याचा परवाना या चार गोष्टी त्या काळी एकाच दोरीत ओवलेल्या असत.

खाली ऐरण, वर बिऱ्हाड

सुरुवातीला हे जोडपे पिर्कहाइमरांच्या वाड्याच्या मागच्या घरात भाड्याने राहिले. २१ मे १४७१ रोजी तिसरे मूल, म्हणजे आपला हकिगतकार, तिथेच जन्मला. १४७५ साली किल्ल्याच्या पायथ्याशी चढत जाणाऱ्या रस्त्यावर सोनाराने स्वत:चे घर घेतले.

अशा घरांची ठेवण ठरलेली असे. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी चौकटींचे, माथ्यावर उतरते छप्पर आणि त्याखाली माळा. माळ्यावर धान्य आणि लाकूडफाटा, तळघरात बिअरची पिंपे आणि खारवलेली कोबी. रस्त्याच्या अंगाला कामाची जागा, वर माणसांचे राहणे. घरात ऊबदार अशी खोली बहुधा एकच, कौलांसारख्या फरशा जडवलेल्या मोठ्या शेगडीची. थंडीत सगळे घर त्या खोलीत गोळा होई. बाकी खोल्यांत पाणी गोठावे अशी स्थिती. ‘घरी जातो’ आणि ‘कामावर जातो’ हा आपल्या तोंडी रुळलेला भेद त्या माणसांना कळलाच नसता. काम घरातच होते. किंबहुना घर हेच काम होते.

सोनाराची बैठक कशी असे? मूस, भाता, ऐरण, नाना वजनांच्या हातोड्या, कानशी, तार ओढायची भोकांची पट्टी आणि नक्षी कोरायची टोकदार सळई. हत्यारांची ही यादी आपल्या सराफकट्ट्यावरच्या कुणालाही ओळखीची वाटेल. मेजाला कातडे लावलेले असे, म्हणजे कानशीने उडालेला कीस त्यात पडावा. चांदीच्या एका कणावरही पाणी सोडणे परवडत नसे. तयार झालेला माल नगरसभेने शपथ देऊन नेमलेले वस्ताद कसोटीवर घासून पाहत आणि कस उतरला तरच शहराच्या नावाचे आद्याक्षर त्यावर ठोकले जाई. सोनाराची सगळी पत त्या एका अक्षरावर.

दिवसाचे गणित सूर्यावर चाले. न्यूरेंबर्गचे घड्याळ मोठे गमतीचे होते. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे तास सूर्यास्तापासून वेगळे मोजत. ऐन हिवाळ्यात दिवस आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. ऐन उन्हाळ्यात उलटे. ऋतू पुढे सरकेल तसा दर थोड्या आठवड्यांनी दिवसाच्या खात्यातला एक तास रात्रीच्या खात्यात किंवा रात्रीचा दिवसाच्या खात्यात घालत. मनोऱ्यावरच्या घंटेचे टोले ऐकून शहर उठे आणि निजे. बारीक नक्षीचे काम उजेडाचे; दिव्याच्या मिणमिणत्या ज्योतीत चांदीवर रेघ ओढणे म्हणजे माल वाया घालवणे. त्यामुळे उन्हाळ्यात राबायचे आणि हिवाळ्यात पोटाला चिमटा घ्यायचा, हे ओघानेच आले.

चूल, विहीर आणि बाजार

बैठकीवर किती माणसे काम करीत यावर चुलीवर किती मोठे पातेले चढणार हे ठरे. शिकाऊ पोरे आणि तयार कारागीर मालकाच्याच घरी राहत, त्याच्याच पंगतीला जेवत. त्यांचे कपडे, त्यांची आजारपणे, त्यांची भांडणे सगळी वस्तादाच्या बायकोच्या पदरात. पंधराव्या वर्षी उंबरठा ओलांडून आलेली बार्बरा एका नवऱ्याची बायको झाली आणि त्याच दिवशी एका छोट्या कारखान्याची कारभारीणही झाली.

पाणी सार्वजनिक विहिरींवरून आणि हौदांवरून आणायचे. सरपण फोडायचे, पाव भट्टीवरून आणायचे. शिजवायचे काय? राय धान्याचा काळसर पाव, बाजरीसारख्या बारीक धान्याची किंवा ओटची पातळ लापशी, वाटाणे, कोबी, सलगम, कांदा आणि रोजच्या पिण्याला पातळ बिअर. बरे दिवस असतील तर गोमांस. हंगेरीतून बैलांचे कळप हाकत हाकत या भागात आणले जात. शुक्रवारी मांस वर्ज्य. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस नाहीच, आणि रीतीप्रमाणे अंडी-दूधही नाही. मग खारवलेल्या हेरिंग माशांवर निभावायचे. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यांची नावेही कुणी ऐकली नव्हती. ती अमेरिकेतून यायची होती. काळी मिरी मात्र होती. ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून निघे, अरबांच्या आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत न्यूरेंबर्गला पोचे आणि तोवर इतकी महाग होई की सोनाराच्या घरी सणावारीच तिचा वास यावा. जर्मन भाषेतले पहिले छापील पाकपुस्तक १४८५ साली याच शहरात छापले गेले. बार्बराच्या चुलीला त्याचा उपयोग झाला असेल असे वाटत नाही. पाकपुस्तके ज्यांच्या फडताळात निवडीला वाव असतो त्यांच्यासाठी असतात.

ज्या मोठ्या चौकात बायका बाजार करीत, त्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे पूर्वी यहुद्यांची वस्ती होती. १३४९ साली ती उद्ध्वस्त करण्यात आली, शेकडो माणसे मारली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बाजारचौक आणि मेरीमातेचे चर्च उभे राहिले. उरल्यासुरल्या यहुद्यांनाही १४९९ पर्यंत शहराबाहेर काढले गेले. न्यूरेंबर्गच्या सुबत्तेचे कौतुक करताना हे विसरून चालत नाही. कारागिराला सभेत जागा नव्हती, पण त्याच्याही खाली कुणीतरी होते.

आठवड्याच्या कामाचा शीण उतरवायला सार्वजनिक न्हाणीघरे होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. वाफ घ्यायची, अंग चोळून घ्यायचे, केस कापायचे आणि गावगप्पा हाणायच्या. पुढे चित्रकार झालेल्या मुलाने ही न्हाणीघरे चित्रांत उतरवून ठेवली आहेत. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्च. बार्बरा तर सतत चर्चमध्ये जाई, असे मुलाने लिहिले आहे. आपल्याला त्याचे नवल वाटू नये. ज्या बाईच्या घरातून एकामागून एक लहान शवपेट्या निघत होत्या, तिला दुसरे कुठले दार ठोठावता आले असते?

यादीतली नावे

आता पुन्हा त्या यादीकडे वळू. तिच्यात ‘हान्स’ हे नाव तीनदा येते. एक हान्स गेला की पुढच्या मुलाला तेच नाव. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. तिथे गेलेल्या भावाचे नाव पाळण्यातल्या भावाला मिळे. शेवटचा हान्स, १४९० साली जन्मलेला, तेवढा जगला आणि चित्रकार झाला. १४८४ चा एन्ड्रेस जगला आणि बापासारखा सोनार झाला. आणि १४७१ चा आल्ब्रेख्त. काही भावंडे अगदी तान्हेपणी गेली, काही वाढत्या वयात. मोठ्या होऊन गेलेल्या लेकरांचे दु:ख तर दुहेरी. लळा लागलेला असे आणि हाताशी आलेली मदतही जाई.

प्रत्येक बाप्तिस्म्याला कुणीतरी धर्मपिता लागे. ही नुसती धार्मिक गोष्ट नव्हती, ते नात्याचे एक पक्के बंधन होते. तिसऱ्या मुलाचा धर्मपिता होता आंटोन कोबेर्गर. तोही मूळचा सोनारकामातला, पुढे छपाईच्या नव्या धंद्यात शिरून जर्मनीतला बडा प्रकाशक झाला. परक्या मुलखातून आलेल्या सोनाराने मुलांच्या बाप्तिस्म्यांमधून शहरात आपले सोयरेधायरे कसे जोडत नेले, ते यादीवरून दिसते. मूल जगो न जगो, जोडलेले नाते राही.

एवढ्या बाळंतपणांत बार्बरा स्वत: वाचली, हेच आश्चर्य. तिला प्लेगनेही गाठले होते आणि इतरही भारी दुखणी झाली होती. गरिबी, लोकांची बोलणी, भीती, सगळे तिने सोसले आणि कुणाचा सूड धरला नाही, अशा अर्थाचे मुलाने तिच्याबद्दल लिहून ठेवले आहे. मुलगा घराबाहेर पडू लागला की देवाचे नाव घेऊन जा, असे ती त्याला सांगे आणि काही वावगे दिसले तर खडसावायलाही कमी करीत नसे. हे वाचताना पाचशे वर्षे आणि हजारो मैल कुठल्या कुठे जातात.

वाया गेलेली वर्षे

जगलेल्या मुलांतला थोरला म्हणून आल्ब्रेख्तवर बापाचा विशेष जीव होता. त्याला शाळेत घातले, लिहिता-वाचता येऊ लागल्यावर काढले आणि बैठकीवर बसवले. कारागिराच्या घरात मूल म्हणजे उद्याचे दोन हात. वयाची साठी जवळ आलेल्या बापाला पेढी पुढे चालवणारा वारस दिसत होता. मुलाचा हातही चांगला बसला. तेरा वर्षांचा असताना, १४८४ साली, त्याने आरशात पाहून स्वत:चे चित्र काढले. चित्रासाठी वापरली ती चांदीची टोकदार काडी, म्हणजे सोनाराच्याच दुकानातला माल. ते चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

आणि मग मुलाने सांगितले की मला चित्रकार व्हायचे आहे. बापाला ते रुचले नाही. शिकवण्यात घालवलेली वर्षे वाया गेली, ही त्याची हळहळ होती आणि ती खोटी नव्हती. आपण आज या प्रसंगाकडे मुलाच्या बाजूने पाहतो, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. बापाला ते ठाऊक नव्हते. त्याच्या पुढे होती ती ऐरण, खायला उठलेली तोंडे आणि त्याचे स्वत:चे एकोणसाठावे वर्ष. तरीही तो मान्य झाला. १४८६ च्या ३० नोव्हेंबरला त्याच रस्त्यावर राहणाऱ्या मिखाएल वोल्गेमूट या चित्रकाराकडे त्याने मुलाला तीन वर्षांच्या कराराने शिकायला ठेवले. तिथे वोल्गेमूटच्या हाताखालच्या पोरांनी त्याला बराच छळले, असे मुलाने लिहिले आहे. उमेदवारी संपल्यावर १४९० साली बापाने त्याला फिरायला पाठवले. तो चार वर्षांनी परतला.

याच चार वर्षांतले एक पत्र सुदैवाने टिकले आहे. १४९२ च्या ऑगस्टमध्ये पासष्ट वर्षांचा थोरला आल्ब्रेख्त आपले काम सम्राट तिसऱ्या फ्रीडरिशला दाखवायला डॅन्यूबकाठच्या लिन्झ शहरी गेला होता. तिथून त्याने बार्बराला लिहिले. सम्राटाला काम आवडले, तो बराच वेळ बोलला आणि निघताना त्याने स्वत:च्या हाताने चार गुल्डेन दिले, हे त्याने मोठ्या अपूर्वाईने कळवले आहे. पण पत्राचा शेवट आहे तो घरच्या काळजीचा. मी येईपर्यंत घरातल्या माणसांना काम करीत राहायला सांग, त्यांचे मी नीट भरून देईन. मुलांना सांभाळ, त्यांना नीट वागायला सांग, असा त्याचा मथितार्थ.

या दोन ओळींत सगळे घर उभे राहते. मालक परगावी, मोठा मुलगा परदेशी, एन्ड्रेस आठ वर्षांचा, हान्स दोन वर्षांचा आणि त्याच वर्षीचे अठरावे मूल. तरी बैठक थांबलेली नाही. ती चालवते आहे बार्बरा. तिचे नाव ना परवान्यावर, ना भांड्यावर उमटणाऱ्या शिक्क्यात. पण सम्राटाच्या दारात उभा असलेला नवरा कामाचा निरोप धाडतो तो तिलाच.

हात थांबल्यावर

कारागिराच्या घराची सगळी मदार हातांवर. ते थरथरू लागले की पुढे काय? न्यूरेंबर्गमध्ये याचे एक उत्तर होते. कोनराड मेंडेल या धनिकाने १३८८ साली म्हाताऱ्या, थकलेल्या कारागिरांसाठी एक आश्रम काढला. एका वेळी बारा जणांची सोय. तिथे राहिलेल्या प्रत्येकाचे, त्याच्या कामात गढलेले असे चित्र काढून ठेवण्याची प्रथा १४२५ च्या सुमारास सुरू झाली आणि ती पुस्तके आजही शहराच्या ग्रंथालयात आहेत. तार ओढणारा, जपमाळेचे मणी करणारा, शिंपी, सुतार, भटारी असे एकेक पान. मध्ययुगातल्या कामकऱ्यांची इतकी जिवंत चित्रे क्वचितच पाहायला मिळतात. पण पाने उलटताना एक गोष्ट खटकते. प्रत्येक माणूस एकटा आहे. बायको नाही, मूल नाही, चूल नाही. आश्रम पुरुषांचा होता. ज्या घराने त्या माणसाला चाळीस वर्षे कामाला बसू दिले, ते घर चित्राच्या चौकटीबाहेर राहिले.

थोरला आल्ब्रेख्त २० सप्टेंबर १५०२ रोजी वारला. शेवटच्या रात्री त्याला घाम फुटला होता. शुश्रूषा करणाऱ्या म्हातारीने त्याला थोडा द्राक्षासव पाजला. मोलकरीण मुलाला उठवायला धावली, पण तो जिना उतरून येईपर्यंत सगळे संपले होते. बापाच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही रुखरुख मुलाने कागदावर उतरवली आहे. आयुष्यभर कष्ट, थोडके मिळकतीचे दिवस, कमी बोलणे, सगळ्यांशी सलोख्याने वागणे, असा बापाचा स्वभाव त्याने रेखाटला आहे.

आणि बार्बरा? नवऱ्यामागे दोन वर्षांत तिच्यापाशी काहीच उरले नाही. पस्तीस वर्षे जे घर तिने चालवले, त्यातून तिच्या वाट्याला आले ते एवढेच. मुलाने तिला आपल्या घरी आणले. पण ती नुसती कोपऱ्यात बसून राहिली असे समजू नका. १५०६ साली मुलगा व्हेनिसमध्ये होता. तिथून मित्राला, म्हणजे ज्यांच्या वाड्यामागे तो जन्मला त्याच पिर्कहाइमर घराण्यातल्या विलिबाल्डला, लिहिलेल्या पत्रांत आईला दिलेले निरोप आहेत. न्यूरेंबर्गमध्ये दर वर्षी ईस्टरनंतर सम्राटाचा मुकुट आणि पवित्र अवशेष लोकांना दाखवत आणि तेव्हा मोठी जत्रा भरे. त्या जत्रेत आईने आपली छापील चित्रे विकण्याचे पाहावे, असा एक निरोप. धाकट्या हान्सला काही काम मिळते का, याची तिने वोल्गेमूटकडे चौकशी करावी, असा दुसरा. मुलाची बायको आग्नेस ती चित्रे घेऊन फ्रँकफुर्टच्या बाजाराला जाई. ऐरणीच्या जागी छापायंत्र आले, चांदीच्या जागी कागद आला. दुकान पूर्वीसारखेच घरातल्या बायकांवर चालले होते. आग्नेस आणि आल्ब्रेख्त यांना मूलबाळ झाले नाही.

थोरल्या आल्ब्रेख्तने आयुष्यभरात किती पेले, किती पात्रे, किती साखळ्या घडवल्या असतील! त्याच्या हातचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही काम आज उरलेले नाही. सोन्याचांदीचे हेच दैव. गरज पडली की मुशीत जाते आणि दुसरे रूप घेते. उरला तो मुलांच्या जन्माच्या नोंदींचा कागद आणि लिन्झहून बायकोला लिहिलेले पत्र.

आणि उरले बार्बराचे एक चित्र. मार्च १५१४ मध्ये मुलाने कोळशाच्या कांडीने ते काढले. ती तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, गाल आत गेलेले, कपाळावर आठ्या, एक डोळा किंचित भलतीकडे पाहणारा. त्याने काहीही झाकले नाही आणि काहीही सजवले नाही. पुढे दोन महिन्यांनी, १६ मे रोजी, न्यूरेंबर्गच्या घड्याळाप्रमाणे रात्र व्हायला दोन तास उरले असताना ती गेली. मुलाने त्याच कागदावर तिचे वय आणि मृत्यूची नोंद लिहिली, बाप पूर्वी पाळण्यांच्या नोंदी करी तशीच. बर्लिनच्या संग्रहालयात हे चित्र आहे. मध्ययुगीन कारागिराचे घर कसे होते, याचे उत्तर हवे असेल तर त्या चेहऱ्याकडे पाहावे. त्या घराचा सगळा हिशेब तिथे लिहिलेला आहे.